ऑरेंज ऑर्डर खरोखर बदलली आहे का?

कर्वेरस्ताकर यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. माझी मुलगी उत्तर आयर्लंडमधील बेलफास्टच्या एका रुग्णालयात परिचारिका आहे. जुलै जवळ आला की तिच्या वॉर्डातील सहकाऱ्यांचे दोन तट पडतात, असे ती सांगते. काही जण १२ जुलैची मिरवणूक पाहायला मुलाबाळांसह, घडीच्या खुर्च्या घेऊन सकाळपासून रस्त्याच्या कडेला जाऊन बसतात, तर काही जण नेमक्या त्याच आठवड्यात रजा टाकून डोनेगलच्या किनाऱ्यावर किंवा त्याहून लांब निघून जातात. दोन्ही बाजूंची माणसे तिच्याशी प्रेमाने वागतात आणि एरवी एकमेकांशीही नीट बोलतात. मात्र त्या एका दिवसाचा विषय निघाला की संभाषण थांबते. तिने मला विचारले, तेव्हा मी पुण्याच्या वाचनालयांत आणि इतरत्र मिळेल ते वाचून काढले.

माझ्या माहितीप्रमाणे ऑरेंज ऑर्डर ही प्रोटेस्टंट पुरुषांची बंधुसंघटना १७९५ साली आयर्लंडच्या आर्मा परगण्यात स्थापन झाली. तिचे नाव ऑरेंजच्या विल्यम या प्रोटेस्टंट राजावरून आले आहे, आणि त्याने १६९० साली बॉइन नदीकाठी कॅथलिक राजा दुसरा जेम्स याचा जो पराभव केला, त्याची आठवण म्हणून ही मिरवणूक निघते. काळे सूट, बोलर हॅट, पांढरे हातमोजे, गळ्यातून छातीवर उतरणारा नारिंगी पट्टा, पुढे रेशमी निशाण आणि मागे बासरी-ढोलाची पथके, असे तिचे स्वरूप असते. अलीकडे संघटना स्वतःची ओळख सांस्कृतिक वारशाची वाहक म्हणून करून देते. बेलफास्टच्या उत्सवाला ‘ऑरेंजफेस्ट’ हे नाव देण्यात आले आणि २०१५ मध्ये तिने स्वतःचे संग्रहालयही उघडले.

माझा प्रश्न असा आहे. जी संघटना एका समाजाचा दुसऱ्या समाजावरील विजय दरवर्षी रस्त्यावर येऊन साजरा करते, ती आतून बदलू शकते का? की सत्ता हातची गेल्यामुळे तिने केवळ भाषा मवाळ केली आहे? ‘धर्म म्हटला की हे असेच चालायचे’ अशा स्वरूपाची उत्तरे कृपया देऊ नयेत. ज्यांनी या विषयाचा अभ्यास केला आहे किंवा जे तिकडे राहिले आहेत, त्यांनी सविस्तर लिहावे ही विनंती.

पर्वतीपायथा यांचे उत्तर

आपण प्रश्न नेमका विचारला आहे. त्याचे उत्तर द्यायचे तर ही संघटना तिच्या सदस्यांना काय मिळवून देत होती, ते आधी पाहावे लागते, कारण निशाणे आणि पट्टे यांच्याकडे पाहत राहिले की मुख्य गोष्ट नजरेतून सुटते.

आर्मा परगण्यात अठराव्या शतकाच्या अखेरीस तागाच्या कापडाचे विणकाम घरोघर चालत असे, आणि जमीन व माग या दोन्हींसाठी प्रोटेस्टंट आणि कॅथलिक विणकरांमध्ये चुरस होती. सप्टेंबर १७९५ मध्ये डायमंड नावाच्या तिठ्यावर दोन्ही बाजूंच्या टोळ्यांची चकमक झाली आणि त्यानंतर जवळच्या लॉफगॉल गावात ऑर्डरची स्थापना झाली. म्हणजे आरंभी ही छोट्या शेतकऱ्यांची आणि विणकरांची संघटना होती. जमीनदारांनी तिची उपयुक्तता ओळखली आणि थोड्याच काळात तिचे नेतृत्व आपल्याकडे घेतले. ब्रिटिश सरकारचे आणि तिचे संबंधही नेहमी गोडीचे होते असे नाही. १८३६ मध्ये वरिष्ठ नेतृत्वाला संघटना विसर्जित करावी लागली आणि १८५० च्या कायद्याने अशा मिरवणुकांवर बंदी आली. विल्यम जॉन्स्टन नावाच्या एका छोट्या जमीनदाराने १८६७ मध्ये ही बंदी जाहीरपणे मोडली आणि त्यासाठी कारावास भोगला. पुढच्याच वर्षी बेलफास्टच्या कामगार मतदारांनी त्याला पार्लमेंटमध्ये पाठवले आणि १८७२ मध्ये तो कायदा रद्द झाला. वरच्या वर्गाने आवरते घ्यायचे आणि खालच्या वर्गाने रस्त्यावर उतरायचे, हा ताण तेव्हापासून या संघटनेच्या पोटात आहे.

विसाव्या शतकात मात्र ती थेट सत्तेच्या घरात राहायला गेली. १९०५ मध्ये युनियनिस्टांचे, म्हणजे ब्रिटनशी जोडलेलेच राहावे असे मानणाऱ्यांचे, अल्स्टर युनियनिस्ट कौन्सिल स्थापन झाले, तेव्हा त्यात ऑर्डरला अधिकृत प्रतिनिधित्व मिळाले. उत्तर आयर्लंड उर्वरित आयर्लंडपासून वेगळे होऊन ब्रिटनकडे राहिल्यावर १९२१ ते १९७२ या काळात तेथे सहा पंतप्रधान झाले आणि ते सहाही जण ऑर्डरचे सदस्य होते. पहिले पंतप्रधान जेम्स क्रेग यांनी तर आपण आधी ऑरेंजमन आहोत आणि राजकारणी त्यानंतर, असे सभागृहातच सांगितले होते. सामान्य सदस्याच्या दृष्टीने याचा अर्थ अगदी व्यावहारिक होता. लॉजच्या, म्हणजे ऑर्डरच्या स्थानिक शाखेच्या, सभेत जहाजबांधणी कारखान्याचा मुकादम, नगरपालिकेचा सदस्य, पोलीस आणि पाद्री हे सर्व एकाच बाकावर भेटत. मुलाला कामाला लावण्यासाठी किंवा पालिकेचे घर मिळवण्यासाठी शब्द टाकायचा तर तो तेथेच टाकला जाई. जो कॅथलिक होता, त्याच्यासाठी ते दार बंद होते. आपण ज्याला वशिला म्हणतो, त्याला तेथे धर्माची चौकट होती, आणि दुसऱ्या बाजूच्या मनातील राग केवळ १६९० च्या लढाईचा नाही, या बंद दाराचाही आहे.

ही मिळकत पुढे टप्प्याटप्प्याने संपली. १९७२ मध्ये स्टॉरमाँटचे, म्हणजे उत्तर आयर्लंडचे स्वतःचे, सरकार गेले आणि लंडनहून कारभार सुरू झाला. जहाजबांधणी आणि कापड उद्योग आटले, त्यामुळे मुकादमाच्या शब्दाला किंमत उरली नाही. नोकऱ्यांतील धार्मिक भेदभावाविरुद्ध कडक कायदे आले. २००५ मध्ये ऑर्डरने अल्स्टर युनियनिस्ट पक्षाशी असलेले शतकभराचे औपचारिक नातेही स्वतः तोडले. यानंतर जो तरुण लॉजमध्ये येतो, त्याला तेथे नोकरी मिळणार नाही आणि आमदारकीही मिळणार नाही. तो श्रद्धेपोटी, घराण्याच्या परंपरेपोटी किंवा सोबतीच्या ओढीने येतो. संघटनेत कोणी का यावे याचे कारणच बदलले, आणि माझ्या मते तिच्यातील सर्वांत खोल बदल हाच आहे. तो नाइलाजाने झाला हे आपले म्हणणे खरे आहे, परंतु नाइलाजाने झालेला बदल खोटाच असतो असे मला वाटत नाही.

गुरुवारपेठी यांचे उत्तर

मी स्वतः प्रोटेस्टंट घरातला आहे आणि माझे बालपण पंचहौदाच्या चर्चजवळ गेले. आमच्याकडे नात्यात कॅथलिक सुना आहेत आणि जावईही आहेत. एकमेकांच्या मिस्साला आणि उपासनेला आम्ही न सांगता जातो. म्हणून ऑरेंज ऑर्डरची सदस्यत्वाची अर्हता मी प्रथम वाचली, तेव्हा मला धक्का बसला होता. त्यात असे आहे की सदस्याने कॅथलिक उपासनेच्या कोणत्याही विधीला उपस्थित राहून किंवा अन्य प्रकारे मान्यता देऊ नये. त्याच मजकुरात पुढे असेही आहे की कॅथलिक बांधवांविषयी त्याने द्वेषाचा शब्द, कृती किंवा भावना बाळगू नये. ही दोन्ही वाक्ये एकाच कागदावर आहेत. शेजाऱ्याच्या अंत्यविधीला जायचे की नाही, असा प्रसंग ज्याच्यावर येतो, त्याला या दोहोंपैकी एक निवडावे लागते.

संघटना कशी बदलली हे पाहायचे असेल, तर या एका नियमाचे काय झाले ते पाहावे, असे मला सुचवावेसे वाटते.

१९६८ मध्ये स्टॉरमाँटच्या सभागृहाचे सदस्य आणि तत्कालीन पंतप्रधानांचे नातलग फेलिम ओनील यांना कॅथलिक उपासनेला उपस्थित राहिल्याबद्दल ऑर्डरमधून काढून टाकण्यात आले. जमीनदार घराणे, लष्करी कारकीर्द, पंतप्रधानांशी नाते, यांपैकी काहीही त्यांच्या उपयोगी पडले नाही. त्यानंतर तीस वर्षांनी, ऑगस्ट १९९८ मध्ये ओमा शहरातील बॉम्बस्फोटात २९ जणांचा बळी गेला. डेव्हिड ट्रिंबल हे तेव्हा उत्तर आयर्लंडच्या नव्या सरकारचे नियोजित प्रथम मंत्री होते आणि ऑर्डरचे सदस्यही होते. ते सीमेपलीकडील आयर्लंड प्रजासत्ताकातल्या बंक्रेना या गावी तेथील मृत मुलांच्या अंत्यविधीसाठी कॅथलिक चर्चमध्ये गेले, तेव्हा त्यांच्यावर शिस्तभंगाची कारवाई करावी अशी मागणी काही सदस्यांनी केली. तिसरा प्रसंग २०११ चा आहे. एप्रिल महिन्यात रोनन केर या तरुण कॅथलिक पोलीस शिपायाला कट्टर रिपब्लिकन (ब्रिटनपासून मुक्त, अखंड आयर्लंड मागणाऱ्या) गटाने त्याच्या मोटारीखाली बॉम्ब ठेवून ठार मारले. ज्या गेलिक खेळांच्या संघटनेने अनेक वर्षे पोलिसांना आपल्या सदस्यत्वापासून दूर ठेवले होते, तिच्या खेळाडूंनी त्याच्या शवपेटीला खांदा दिला आणि वाटेत ती त्याच्या पोलीस सहकाऱ्यांच्या खांद्यावर दिली. त्या अंत्यविधीला अल्स्टर युनियनिस्ट पक्षाचे नेते टॉम एलियट आणि मंत्री डॅनी केनेडी हे दोघे ऑरेंजमन चर्चमध्ये उपस्थित होते. बेलफास्टमधील काही सदस्यांनी त्यांच्याविरुद्ध तक्रार केली, त्यावरून वृत्तपत्रांत पुष्कळ चर्चा झाली, आणि दोघेही संघटनेतच राहिले.

नियम तोच होता. १९६८ मध्ये त्यासाठी माणूस बाहेर गेला, १९९८ मध्ये नुसती मागणी झाली, २०११ मध्ये तक्रार विरून गेली. नियम रद्द करण्याचा ठराव करायचा तर संघटनेत उभी फूट पडेल, हे नेतृत्वाला ठाऊक आहे. म्हणून नियम कागदावर राहतो आणि त्याची अंमलबजावणी मात्र हळूहळू थांबते.

पुण्याच्या वाचकाला हे परके वाटू नये. आमच्याच पंचहौद मिशनमध्ये १८९० साली झालेल्या सभेत न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक आणि इतर प्रतिष्ठित मंडळींसमोर चहा-बिस्किटे ठेवली गेली. पुढे उपस्थितांची नावे वर्तमानपत्रात छापून आली, ग्रामण्य उभे राहिले, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि अनेकांना प्रायश्चित्त घ्यावे लागले. मिशनऱ्याच्या हातचा चहा पिऊ नये हा निर्बंध त्यानंतर कोणत्या सभेने ठराव करून मागे घेतला? कोणीही नाही. लोक चहा पीत गेले आणि विचारणारे उरले नाहीत. अर्थात, ज्यांनी आरंभी किंमत मोजली त्यांचे हाल त्यामुळे कमी ठरत नाहीत, आणि म्हणूनच फेलिम ओनील यांच्याविषयी मला आदर वाटतो. पुढे ते दोन्ही समाजांना एकत्र आणू पाहणाऱ्या अलायन्स पक्षात गेले.

मुळामुठा यांचे उत्तर

वरील दोन्ही उत्तरे उत्तम आहेत, पण त्यांतून जे चित्र उभे राहते ते मला काहीसे एकतर्फी वाटते. मी कामानिमित्त काही वर्षे बेलफास्टमध्ये राहिलो आहे. तेथे जे पाहिले आणि ऐकले, त्यावरून माझे मत असे आहे की संघटनेतील सामाजिक बदल एकाच दिशेने झालेला नाही; एका अंगाने ती मवाळ झाली, तर दुसऱ्या अंगाने तिचा स्वतःच्या मिरवणुकीवरील ताबा सुटत गेला.

१९६० च्या दशकापर्यंत लॉजचे नेतृत्व जमीनदार, कारखानदार, डॉक्टर आणि पाद्री यांच्याकडे असे. नागरी हक्कांची चळवळ, त्यानंतरची तीस वर्षांची हिंसा आणि शिक्षणाचा प्रसार यांमुळे या वर्गातील तरुणांना ऑर्डरमध्ये राहणे अडचणीचे वाटू लागले. बरेच जण इंग्लंड-स्कॉटलंडच्या विद्यापीठांत गेले आणि परतलेच नाहीत. जे राहिले त्यांनी सदस्यत्व घेतले नाही. त्यामुळे सदस्यसंख्या उतरत गेली आणि सत्तेचे केंद्र कामगार वस्त्यांकडे आणि ग्रामीण शेतकऱ्यांकडे सरकले. हे लोकशाहीकरण आहे, असे कोणी म्हटले तर ते चूक नाही. साधा माणूस संघटनेचा मालक झाला, ही गोष्ट मला स्वतःला आवडते. पण वरच्या वर्गाबरोबर तडजोडीची सवयही निघून गेली. सरकारी अधिकाऱ्यांशी दूरध्वनीवर बोलून मार्ग काढणारी माणसे उरली नाहीत, आणि ‘मागे हटायचे नाही’ एवढेच सांगणारी माणसे पुढे आली.

दुसरी गोष्ट बासरी-ढोलाच्या पथकांची आहे. ही पथके ऑर्डरची नसतात, हे बाहेरच्या माणसाच्या लक्षात येत नाही. आपल्याकडे गणपती मंडळ वेगळे आणि ढोल-ताशा पथक वेगळे असते. पथकाची स्वतःची मुले, स्वतःचा सराव, स्वतःचा अभिमान असतो, आणि लक्ष्मी रस्त्यावर गर्दी मूर्तीइतकीच पथकाकडे पाहते. तेथेही लॉज पथकाला सुपारी देऊन बोलावते. कामगार वस्तीतील सतरा-अठरा वर्षांचा मुलगा लॉजच्या प्रार्थनेला बसत नाही, शपथ घेत नाही, पण पथकात मात्र वर्षभर घाम गाळतो. लॉजमधील वृद्ध सदस्यांची मद्यपानविरोधी आणि धार्मिक वृत्ती, आणि त्याच मिरवणुकीत त्यांच्या मागून चालणाऱ्या काही पथकांचा आक्रमक आवेश, यांच्यातले अंतर मी डोळ्यांनी पाहिले आहे. बायबल हातात धरलेले एक आजोबा मागच्या ढोलाच्या प्रत्येक दणक्याला डोळे मिटून घेत होते.

१२ जुलै २०१२ रोजी बेलफास्टमधील सेंट पॅट्रिक्स या कॅथलिक चर्चसमोर एक पथक गोल फिरत अवमानकारक धून वाजवत असल्याची चित्रफीत सर्वत्र पसरली आणि वातावरण अतिशय तापले. ऑगस्टमध्ये रॉयल ब्लॅक इन्स्टिट्यूशन या भगिनी संघटनेच्या मिरवणुकीतील पथकांनीही त्याच चर्चसमोर निर्बंध मोडून वाजवले, आणि त्याबद्दल त्या संघटनेने सप्टेंबरमध्ये चर्चच्या पाद्र्यांची आणि भाविकांची जाहीर माफी मागितली. अशी माफी पूर्वी कल्पनेतही नव्हती, म्हणून तिचे महत्त्व मी मानतो. परंतु माफी संघटनेने मागितली आणि वाजवणारे संघटनेचे सदस्य असतीलच असे नव्हते. अडचण नेमकी तेथेच आहे. जुन्या नियमाकडे दुर्लक्ष होत चालले, हे गुरुवारपेठी यांचे निरीक्षण बरोबर आहे, पण जो माणूस मुळात सदस्यच नाही त्याला कोणता नियम लागू करणार?

कर्वेरस्ताकर

आपणा सर्वांचे मनापासून आभार. एक गोष्ट अजून समजून घ्यायची आहे. मिरवणूक कोणत्या रस्त्याने जावी हा वाद तेथे मिटतो कसा? पोर्टाडाउन गावाचे नाव सर्वत्र येते, डेरी शहराचे तितके येत नाही. दोन्हीकडे माणसे तीच, इतिहासही जवळपास तोच, मग फरक कशाने पडला?

पर्वतीपायथा

फरक मुख्यतः बोलण्याचा आहे. आणि या मुद्द्यावर मी मुळामुठा यांच्याशी बराच सहमत आहे.

पोर्टाडाउनमध्ये ड्रमक्री चर्चमधील उपासनेनंतर लॉजचे सदस्य गार्वाघी रोडने गावात परत येत असत. पूर्वी ती वाट शेतांमधून जात होती. पुढे तेथे वस्ती झाली आणि ती बहुतांश कॅथलिक झाली. आमची वाट जुनी आहे, असे एक बाजू म्हणते. आमची घरे आता येथे आहेत, असे दुसरी बाजू म्हणते. दोघांचेही विधान खरे आहे. १९९५ मध्ये तेथे पहिला मोठा पेच झाला. १९९६ मध्ये पोलिसांनी आधी बंदी घातली आणि चार दिवसांच्या दंगलींनंतर ती उठवली, त्यामुळे दोन्ही समाजांनी एकच धडा घेतला की दांडगाई केली की निर्णय फिरतो. सरकारने यासाठी परेड्स कमिशन हे स्वतंत्र मंडळ नेमले आणि १९९८ च्या कायद्याने त्याला मार्ग ठरवण्याचे अधिकार दिले. त्या वर्षी गार्वाघी रोडला परवानगी नाकारली गेली, हजारो लोक चर्चभोवती जमले, आणि त्याच दिवसांत बॅलीमनी येथे एका घरावर पेट्रोल बॉम्ब टाकला गेला, त्यात तीन लहान भाऊ जळून मेले. रेव्हरंड विल्यम बिंगहॅम हे आर्माच्या ऑर्डरचे धर्मोपदेशक होते. या मुलांच्या शवपेट्यांच्या छायेत गार्वाघी रोडवरून चालणे हा पोकळ विजय ठरेल आणि आंदोलन थांबवावे, असे त्यांनी १२ जुलैच्या प्रवचनातच सांगितले. त्यांच्या स्वतःच्या संघटनेतील अनेकांना ते मुळीच रुचले नाही. त्या रस्त्याने तेव्हापासून मिरवणूक गेलेली नाही. नागरिकांच्या समितीत पूर्वीचे कट्टर रिपब्लिकन आहेत, म्हणून तिच्याशी बोलायचे नाही आणि कमिशनलाही मानायचे नाही, अशी ऑर्डरची भूमिका बराच काळ होती.

डेरीत मिरवणूक काढणारी अप्रेंटिस बॉइज ही वेगळी संघटना आहे. तिचे आणि ऑर्डरचे बरेच सदस्य सामाईक असले तरी निर्णय तिचे स्वतःचे असतात. शहरात प्रोटेस्टंट अल्पसंख्य आहेत. वर्षातून दोनदा दंगल झाली तर दुकाने कोणाचीच चालणार नाहीत, हे व्यापाऱ्यांनी पुढाकार घेऊन दोन्ही बाजूंना सांगितले, आणि बॉगसाइड या कॅथलिक वस्तीच्या रहिवाशांबरोबर चर्चा सुरू झाली. मिरवणुकीभोवती एक सांस्कृतिक सप्ताह उभा राहिला आणि १६८९ मध्ये राजा जेम्सच्या सैन्याने शहराला घातलेल्या वेढ्याची गोष्ट शहराचा सामाईक इतिहास म्हणून सांगितली जाऊ लागली. तेथेही तणाव होतोच, पण रस्त्याचा प्रश्न जीवघेणा राहिला नाही.

पुढे उत्तर बेलफास्टमध्ये ऑर्डरनेही हीच वाट धरली. आर्डॉइन या कॅथलिक वस्तीच्या दुकानांवरून संध्याकाळी परतणाऱ्या मिरवणुकीला २०१३ मध्ये मनाई झाली, तेव्हा तीन लॉजेसच्या समर्थकांनी ट्वाडेल अव्हेन्यूवर निषेधाचा तळ ठोकला आणि तो तीन वर्षांहून अधिक काळ चालला. अखेर मेथडिस्ट धर्मगुरू हॅरल्ड गुड आणि डेरीचे व्यावसायिक जिम रॉडी यांनी मध्यस्थी केली. एकदा सकाळी मिरवणूक परत जाऊ द्यायची, तळ उठवायचा आणि व्यापक समझोता होईपर्यंत संध्याकाळच्या मिरवणुकीचा अर्ज करायचा नाही, असे ठरले. १ ऑक्टोबर २०१६ च्या सकाळी ती मिरवणूक शांतपणे गेली. ज्या संघटनेने रहिवाशांशी न बोलण्याचे धोरण अभिमानाने मिरवले होते, तिच्या स्थानिक लॉजेसनी रहिवाशांबरोबर करार केला, ही माझ्या दृष्टीने संग्रहालयापेक्षा मोठी गोष्ट आहे. करार मान्य नसलेले लोक दोन्हीकडे होते आणि आहेत.

शनिवारवाडाकाठ यांचे उत्तर

स्त्रियांविषयी कोणी लिहिले नाही, म्हणून थोडे लिहिते. स्त्रियांसाठी स्वतंत्र ऑरेंज संघटना विसाव्या शतकाच्या आरंभापासून काम करते आहे, परंतु मुख्य लॉजेस आजही पुरुषांचीच आहेत आणि स्त्रियांच्या लॉजेसना मिरवणुकीत स्थान असते ते निमंत्रणावरून. सभागृहाची स्वयंपाकाची बाजू, निधी गोळा करणे, मुलांना गणवेश घालून उभे करणे ही कामे मात्र पिढ्यान्‌पिढ्या त्यांनीच केली आहेत. बदल दिसतो तो पथकांमध्ये, कारण तेथे मुली बासरी आणि ढोल दोन्ही वाजवतात. सत्तेच्या पदांपर्यंत तो बदल पोहोचलेला नाही, आणि संघटनेच्या बदलाविषयी बोलताना हे स्पष्टपणे नोंदवले पाहिजे, असे मला वाटते.

शिवाय लोकसंख्येचा विचारही करावा. २०२१ च्या जनगणनेत कॅथलिक असलेल्या किंवा त्या घरात वाढलेल्या लोकांचे प्रमाण ४५.७ टक्के आणि प्रोटेस्टंट व अन्य ख्रिस्ती पार्श्वभूमीच्या लोकांचे ४३.५ टक्के होते. ज्या प्रदेशाची आखणीच प्रोटेस्टंट बहुमत राहावे अशी झाली होती, तेथे हे घडले. स्वतःला बहुसंख्यांचे प्रतिनिधी मानणाऱ्या संघटनेला आता अल्पसंख्य म्हणून जगायला शिकावे लागत आहे. दक्षिणेतील, म्हणजे आयर्लंड प्रजासत्ताकातील, ऑरेंज लॉजेस हे शंभर वर्षांपूर्वीच शिकली. ऑर्डरचे तत्कालीन सचिव ड्रू नेल्सन यांनी जुलै २०१२ मध्ये डब्लिनला आयर्लंडच्या सेनेटसमोर भाषण केले, तेव्हा त्यांनी सीमेपलीकडील याच सदस्यांचीही बाजू मांडली होती.

कर्वेरस्ताकर काका, आपल्या मुलीला हा समाज जवळून पाहायचा असेल, तर १२ जुलैच्या आधीच्या शनिवारी डोनेगलमधील रॉसनोलाला जाण्यास तिला सुचवावे. तेथे समुद्रकिनाऱ्याजवळ दक्षिणेतील लॉजेसची मिरवणूक निघते, ती शांततेत पार पडते, आणि गावातील कॅथलिक कुटुंबेही ती पाहायला येतात. बेलफास्टची मिरवणूक पाहायचीच असेल, तर सकाळी मध्यवस्तीत उभे राहावे. आदल्या रात्री पेटणाऱ्या होळ्यांकडे मात्र तिने एकटीने जाऊ नये. त्या ऑर्डर पेटवत नाही, वस्तीतील तरुण पेटवतात, आणि तेथे मद्य फार असते. तिच्या वॉर्डातील दोन्ही बाजूंच्या मैत्रिणींना ती याविषयी आधी विचारेल तर उत्तम. बाहेरून आलेल्या माणसाने मनापासून विचारले की तेथील लोक मोकळेपणाने सांगतात, असा माझा अनुभव आहे.